फक्कीची रेघ

शिकागोच्या पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावरच्या एका उपनगरात मी पहिल्यांदा मिश्र संघातून सॉफ्टबॉल खेळले, ती जूनमधली एक संध्याकाळ होती. साडेसहा वाजून गेले होते, पण तिथल्या उन्हाळ्यात साडेसहाला सूर्य बराच वर असतो. स्लगर, म्हणजे सॉफ्टबॉलची बॅट, घेऊन मी होम प्लेटपाशी गेले, बुटाच्या टाचेनं पायाखालची माती जरा उकरून घेतली आणि मान वर केली. समोरच्या आउटफिल्डमधले चौघेही पुढे येत होते. धावत नव्हते, जेवण झाल्यावर शतपावली घालावी तसे सावकाश चालत येत होते. माझ्याआधी बॅटिंगला आलेल्या पुरुषासाठी हेच चौघे पार कुंपणापर्यंत मागे गेले होते.

तेवढ्यात पंचांनी हात वर केला. चौघे थांबले. त्यांच्या पायांशी हिरव्या गवतावर एक पांढरी कमानदार रेघ होती. तोवर माझं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. दोघांचे पाय रेघेच्या अलीकडे आले होते. ते न बोलता दोन पावलं मागे सरकले. पंच माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘हं, आता खेळ.’’

चेंडू उंच कमान घेत माझ्याकडे आला आणि मी घाई केली. वेगवान फेकीची सवय असलेल्या हाताला संथ चेंडूची वाट बघता येत नाही. त्यात मनात राग होता. चेंडू स्लगरच्या टोकाला लागला आणि अलगद शॉर्टस्टॉपच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. बाकावर परत येताना मला बाद झाल्याचं काहीच वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर होते ते चालत पुढे येणारे चौघे. मी चेंडूला हातही लावला नव्हता आणि माझ्याबद्दलचं त्यांचं मत मैदानावर पावलांनी लिहून झालं होतं.

त्याहून जास्त खुपत होती ती रेघ. माझ्यासाठी कुणीतरी ती आखून ठेवली होती, आणि मी ती मागितली नव्हती.

रेघा मला नव्या नव्हत्या. माझं सॉफ्टबॉल सुरू झालं ते जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, तिन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधोमध शाळेचं उघडंबोडकं मैदान. आमचे सर सकाळी सहाला सुतळीचं भेंडोळं घेऊन यायचे. सुतळीला साठ फुटांवर लाल चिंधीची गाठ असे. दोघी मुलींनी सुतळी ताणून धरायची आणि तिसरीनं तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून फक्की टाकत जायचं. सुतळी उचलली की मातीवर डायमंड उमटे. हाताला फक्की लागलेली असायची, ती स्कर्टला पुसायची नाही म्हणून आम्ही ती एकमेकींच्या गालाला लावायचो. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढताना आमच्यातल्या काही जणींची नजर प्रमाणपत्रावर असे. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण होतं आणि शेतकऱ्याच्या मुलीसाठी तो कागद मोलाचा होता. माझी नजर मात्र चेंडूवरच असायची. मी शॉर्टस्टॉप होते. सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली ती जागा पायाला चैन पडू देत नाही. उजव्या हातानं मारणाऱ्यांचे जोरकस चेंडू तिथेच येतात.

सर एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगायचे, ‘‘पोरी, चेंडू तुझा असेल तर ओरड. ‘माझा’ म्हण. मुक्यानं झेल घ्यायचा नाही.’’

तिथेही क्षेत्ररक्षक मुली बॅटर बघून पुढे-मागे व्हायच्या. पहिल्यांदाच संघात आलेली, स्लगर वर धरून ठेवलेली एखादी मुलगी आली की सर हातानं खूण करत आणि सगळ्या पुढे सरकत. मीही सरकले आहे. पण त्यात एक फरक होता. आम्ही त्या मुलीची मनगटं बघत होतो, तिची उभं राहण्याची ढब बघत होतो, आधीच्या खेळीत तिनं काय केलं ते लक्षात ठेवत होतो. इथे या चौघांनी माझं काहीच बघितलं नव्हतं. फलकावर माझ्या नावापुढे ‘स्त्री’ अशी खूण होती, तेवढं त्यांना पुरलं.

त्या रात्री घरी येऊन मी लीगचे नियम वाचायला बसले. हा खेळ संथ फेकीचा. चेंडू खालून फेकायचा आणि त्यानं हवेत चांगली सहा फुटांहून उंच कमान घ्यायला हवी. पिचर पन्नास फुटांवर, बेस पासष्ट फुटांवर. मैदानात नऊऐवजी दहा जण, कारण आउटफिल्डमध्ये तिघांऐवजी चौघे. दहांत पाच पुरुष आणि पाच बाया. बॅटिंगला एकाआड एक. चेंडूही दोन, पुरुष बॅटिंगला आला की १२ इंच घेराचा आणि बाई आली की ११ इंचांचा. लहान चेंडू हातातून आणि स्लगरवरून जास्त लांब जातो.

मग उभं राहण्याचे नियम. इनफिल्डमध्ये दोन पुरुष आणि दोन बाया, आउटफिल्डमध्ये दोन आणि दोन, पिचर-कॅचरच्या जोडीत एक पुरुष, एक बाई. आणि शेवटी ती रेघ. बाई बॅटिंगला असताना चेंडू मारला जाईपर्यंत आउटफिल्डमधल्या कुणीही होम प्लेटपासून १८० फुटांच्या आत यायचं नाही.

वाचता वाचता मला प्रत्येक कलमामागे एकेक जुनी संध्याकाळ दिसायला लागली. जागांची वाटणी कशासाठी ठरवावी लागली असेल? ठरवली नसती तर एका बाईला कॅचर केलं असतं, कारण संथ फेकीच्या खेळात सहसा बेस चोरता येत नाही आणि कॅचरला फारसं काम उरत नाही. दुसरीला राइट फिल्डमध्ये उभं केलं असतं, कारण बहुतेक लोक उजव्या हातानं मारतात आणि चेंडू डावीकडे जातात. उरलेल्यांना कुणाच्या तरी मागे, कुणाच्या तरी आडोशाला. पाच बाया मैदानात असत्या आणि तरी खेळात एकही नसती. चार बॉल मिळून पुरुष पहिल्या बेसवर जाण्याऐवजी थेट दुसऱ्यावर का जातो? कारण पूर्वी संघ मुद्दाम चार वाईट चेंडू टाकत, जोरकस पुरुषाला पहिल्या बेसवर नुसतं चालत जाऊ देत आणि त्याच्यामागे येणाऱ्या बाईला बाद करून डाव संपवत. म्हणून ही सोय महाग करण्यात आली. दोघे बाद असतील आणि पुरुषाला असं चालत जाऊ दिलं, तर त्याच्यामागची बाई खेळायचं की तिनंही चालत बेसवर जायचं हे स्वतः ठरवू शकते. काही लीगांमध्ये तर बाईनं मारलेला चेंडू आउटफिल्डमधून थेट पहिल्या बेसवर फेकून तिला बाद करता येत नाही.

हे सगळे नियम पराभूतांनी लिहिल्यासारखे वाटतात. ज्यांना कधीतरी मैदानात उभं राहूनही खेळता आलं नाही, त्यांची कुठेतरी नोंद राहावी म्हणून.

तरी रेघ मला पटत नव्हती. आमच्या सामन्यांना बहुतेक वेळा एकच पंच असत, निवृत्त झालेले, पाठीत किंचित वाकलेले. एका संध्याकाळी सामना संपल्यावर ते बेस उचलून गाडीत ठेवत होते, तेव्हा मी त्यांना विचारलं. म्हटलं, ‘‘ही रेघ माझा अपमान करते. मला चेंडू लांब मारता येतो.’’

त्यांनी बेस खाली ठेवला. म्हणाले, ‘‘तुला लांब मारता येतं हे मी बघितलंय. रेघ नसती तर हे लोक पुढे आले असते, तू त्यांच्या डोक्यावरून मारलं असतंस आणि तुझ्यासारखीला होम प्लेटपर्यंत धावायला मिळालं असतं. रेघ तुझ्याकडून ते काढूनच घेते. म्हणजे ती तुझ्यासाठी नाही. आणि खरं तर ती कुठल्याच बॅटरसाठी नाही. तिच्यापलीकडे तूच चेंडू मारायचा आहेस. ती त्यांच्यासाठी आहे, घाईनं पुढे येणाऱ्यांसाठी.’’

गाडी चालवत घरी येताना मला आमच्याकडचा आट्यापाट्यांचा खेळ आठवला. जमिनीवर आखलेल्या पाट्या, मधोमध सूरपाटी आणि प्रत्येक पाटीवर अडवणारा एकेक जण. अडवणाऱ्याचे पाय पाटीवरून सुटता कामा नयेत. आत घुसणारा मात्र मोकळा. त्यानं हूल द्यावी, वळावं, गिरकी घ्यावी, निसटावं. लहानपणी मला वाटायचं की पाट्या घुसणाऱ्याला अडवण्यासाठी असतात. खरं उलट आहे. पाटी बांधते ती अडवणाऱ्याला. पाट्या नसत्या तर दोन दांडग्या मुलांनी सगळं अंगण अडवून धरलं असतं आणि खेळच झाला नसता.

आउटफिल्डमधल्या रेघेचं गणितही तेच. बेस पासष्ट फुटांवर. चौघे जण शंभर फुटांवर येऊन उभे राहिले की इनफिल्डच्या डोक्यावरून जेमतेम पलीकडे पडणारा प्रत्येक चेंडू कुणाच्या तरी हाती येतो आणि पहिल्या बेसकडे फेकला जातो. खूप लांब मारणारीला पुढे आलेल्यांची भिंत ओलांडता येते. जी नुकतीच खेळायला लागली आहे, जिचा चेंडू शंभर-सव्वाशे फूट जातो, तिच्यासाठी मैदानच उरत नाही. तिनं कितीही नेटकं मारलं तरी ती बाद. पंच म्हणाले ते बरोबर होतं. रेघ मैदानावर एक रिकामी पट्टी ठेवते, दोन उंबऱ्यांमधल्या अंगणासारखी. ती पट्टी कुणाची नसते. तिथे पडलेला चेंडू जो आधी पोचेल त्याचा.

हा खेळ रेघांच्या आधारानंच जन्माला आला, आणि तोही शिकागोतच. १८८७ सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, फॅरागट बोट क्लबच्या दालनात काही तरुण हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसले होते. निकाल आला, कुणीतरी आनंदानं मुष्टियुद्धाचा ग्लोव्ह दुसऱ्याकडे भिरकावला आणि त्यानं तो काठीनं टोलवला. जॉर्ज हॅनकॉकनं ते बघितलं, ग्लोव्ह दोरीनं आवळून त्याचा चेंडू केला आणि खडूनं जमिनीवर डायमंड आखला. दालनात बसलेल्या माणसांनी एक रेघ ओढून आपल्यापुरतं मैदान केलं. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्याला पुढे बऱ्याच वर्षांनी, १९२६ साली मिळालं.

आणि रेघा हलतात हेही याच शहरानं दाखवून दिलं. १९४३ साली बरेच खेळाडू युद्धावर गेले, तेव्हा शिकागो कब्जचे मालक फिलिप रिग्ली यांनी बायांची व्यावसायिक लीग सुरू केली. सुरुवातीला ती सॉफ्टबॉलच्या जवळची होती. चेंडू १२ इंचांचा, फेक खालून, बेस ६५ फुटांवर. बायांना झेपेल तेवढं, असं त्या वेळच्या लोकांचं मत. खेळताना अंगात स्कर्ट, आणि घसरत बेस गाठताना मांड्या सोलवटत. त्या बाया जसजशा खेळत गेल्या तसतसं एकेक माप बदललं. चेंडू लहान होत गेला, बेस लांब जात गेले, फेक वरून होऊ लागली. १९५४ साली लीग बंद पडली तेव्हा बेस ८५ फुटांवर होते आणि चेंडू जवळजवळ पुरुषांच्या बेसबॉलएवढा. अकरा वर्षांत बायांनी रेघ वीस फूट मागे ढकलली. कुणाच्या वादविवादानं नाही, पायांनी.

बायांना आणि पुरुषांना एका मैदानात आणताना उभं राहण्याचा प्रश्न प्रत्येक खेळाला सोडवावाच लागतो. नेदरलँड्समध्ये १९०२ साली निको ब्रूखाउसन या शिक्षकांनी कॉर्फबॉल रचला. चार पुरुष, चार बाया. त्यात बाईला अडवायला बाईनंच उभं राहायचं आणि पुरुषाला पुरुषानंच. बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीत असा नियम नाही, तरी बाई जाळ्यापाशी आणि पुरुष मागे ही मांडणी रुळली आहे. एकीकडे नियमानं जागा ठरते, दुसरीकडे रिवाजानं. रिवाजाची जागा नियमापेक्षा चिवट असते, कारण ती पुस्तकात कुठे सापडत नाही आणि म्हणून खोडताही येत नाही.

ही गोष्ट मला नीट कळली ती आमच्या संघातल्या एका बाईंमुळे. त्या आमच्या कंपनीत पगारपत्रकांचं काम बघायच्या. वय एकसष्ट, केस अगदी बारीक कापलेले, चालताना डावा गुडघा किंचित कुरकुरणारा. तिथे सगळे एकमेकांना नावानं हाक मारत, पण मी त्यांना मनातल्या मनात ‘बाई’ म्हणायची, शाळेतल्या बाईंसारखं. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की त्या १९७१ साली शाळेतून बाहेर पडल्या. शाळेत मुलांचा बेसबॉलचा संघ होता, मुलींचा कसलाच नव्हता. मुली बाकांवर बसून भावांसाठी टाळ्या वाजवत. पुढच्याच वर्षी, जून १९७२ मध्ये, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलामुलींत भेद करायचा नाही असा कायदा अमेरिकेत झाला आणि पुढच्या काळात मुलींचे संघ उभे राहू लागले. बाईंची धाकटी बहीण सॉफ्टबॉल खेळली. बाईंच्या वाट्याला ते एका वर्षानं आलं नाही. साठी ओलांडल्यावर त्यांनी दुकानात जाऊन पहिला ग्लोव्ह विकत घेतला.

बाईंना लांब मारता येत नसे. त्यांचा चेंडू सेकंड बेसच्या डोक्यावरून जेमतेम निघे आणि गवतावर पडे. जुलैतल्या एका सामन्यात मी तिसऱ्या बेसवर उभी होते आणि त्यांनी तसाच चेंडू मारला. तो रेघेच्या अलीकडच्या रिकाम्या पट्टीत पडला. आउटफिल्डमधली मुलगी रेघेपासून धावत सुटली, वाकली, तिनं चेंडू उचलून फेकला, आणि तोवर बाई पहिल्या बेसवर पोचल्या होत्या. त्यांनी बेसवर दोन्ही पाय ठेवले आणि खाली बघत राहिल्या, आपण नक्की उभ्या आहोत ना याची खात्री करावी तसं. मी होम प्लेटपर्यंत धावत आले, माझा रन झाला, पण सगळ्यांच्या नजरा पहिल्या बेसकडे होत्या. माझ्याही. ज्या रेघेनं माझ्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं, तिनं ते कुणाला दिलं हे मी त्या दिवशी बघितलं. त्यानंतर मी रेघेबद्दल तक्रार केली नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण पुढच्याच आठवड्यात चूक माझ्याकडून झाली.

मी शॉर्टस्टॉप होते आणि बाई सेकंड बेसवर. नियमाप्रमाणे इनफिल्डमध्ये दोन बाया, त्या आम्ही दोघी. शेवटची खेळी, दोघे बाद. समोरच्या बॅटरनं चेंडू उंच उडवला. तो नीट बाईंच्या डोक्यावर होता. त्यांनी मान वर केली, ग्लोव्ह उघडला, एक पाऊल मागे घेतलं. मी तोवर धावायला लागले होते. ‘‘माझा!’’ मी मराठीतच ओरडले. सवय तशी होती आणि संघाला ती माहीत होती. बाई बाजूला झाल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन झेल घेतला. सामना आम्ही जिंकला. सगळे धावत आले, पाठीवर थापा पडल्या. गर्दीच्या पलीकडे मला बाई दिसल्या. त्यांचा ग्लोव्ह अजून उघडाच होता, छातीच्या उंचीवर धरलेला.

त्यांच्यासाठी मैदानात जागा राखलेली होती. कुठल्याही कप्तानाला ती त्यांच्याकडून काढून घेता आली नसती. मी ती काढून घेतलीही नाही. मी फक्त त्या जागेवर आलेला चेंडू घेतला.

रात्री झोप लागेना तेव्हा मला माझी काकू आठवली. पंचायतींमध्ये बायांसाठी जागा राखीव झाल्यावर ती आमच्या गावातून निवडून आली. तेव्हा वाटा एक तृतीयांश होता, तो महाराष्ट्रात २०११ साली निम्मा झाला. काकू खुर्चीवर बसायची आणि काका खुर्चीच्या मागे उभा राहायचा. गावकरी तोंड काकूकडे करून प्रश्न विचारत आणि उत्तर तिच्या डोक्यावरून यायचं. काका वाईट माणूस नव्हता. त्याला कामाची माहिती होती, तो झपाझप बोलायचा, त्याच्या हातून कामं लवकर व्हायची. काकू पदर सावरून म्हणायची, ‘‘त्यांनाच विचारा, त्यांना जास्त कळतं.’’ चौथ्या वर्षी एकदा काका केळीच्या गाडीबरोबर बाहेरगावी गेला होता आणि ग्रामसभा त्याच दिवशी आली. शाळेजवळच्या नळाचा विषय निघाला. काकूनं जागच्या जागी निर्णय दिला, कारण ती त्या नळावर रोज पाणी भरायची आणि तिथे खडखडाट कधी असतो हे तिला पाठ होतं. खुर्ची तीच होती. त्या दिवशी खुर्चीमागची जागा रिकामी होती, एवढाच फरक.

कॉलेजात असताना मी काकाला त्यावरून खूप बोलले होते. आता सात समुद्रांपलीकडे, एका उंच उडालेल्या चेंडूखाली, मी काका झाले होते. वेगानं पोचते म्हणून, चांगलं येतं म्हणून, जिंकायचं असतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी बाईंच्या टेबलापाशी गेले. म्हटलं, ‘‘कालचा चेंडू तुमचा होता. मी यायला नको होतं.’’

त्यांनी लगेच ‘काही हरकत नाही’ म्हटलं नाही. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘‘तू घेतलास ते चांगलं झालं, आपण जिंकलो. पण तो माझ्या हातात राहिला असता की नाही, ते मला बघायचं होतं.’’

त्यानंतर सामन्याआधी आम्ही दोघी अर्धा तास लवकर यायला लागलो. वाहनतळाला लागून गवताचा एक पट्टा होता. मी एका हातानं चेंडू वर टाकून स्लगरनं उडवायची आणि त्या झेलायच्या. सरांनी मला जे जे शिकवलं होतं ते मी त्यांना सांगितलं. चेंडू डोळ्यांच्या रेषेत ठेवायचा, आधी एक पाऊल मागे जायचं कारण मागून पुढे येणं सोपं असतं, दुसरा हात ग्लोव्हशेजारी ठेवायचा. आणि ओरडायचं. त्यांच्या तोंडून ‘माझा’ निघताना ‘झ’ जड यायचा, पण त्यांनी तोच शब्द ठेवला. संघात दुसरं कुणी तो वापरत नसल्यामुळे गोंधळ होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

ऑगस्टात तसाच चेंडू पुन्हा आला. मी दोन पावलं धावले आणि थांबले. आयुष्यात चेंडूकडे न धावणं मला इतकं अवघड कधीच गेलं नव्हतं. बाई ओरडल्या, चेंडू ग्लोव्हवर पडला आणि निसटून खाली गेला. समोरच्या संघाचे दोन रन झाले आणि आम्ही हरलो. कप्तान काही बोलला नाही, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, तू होतीस ना तिथे, अशा नजरेनं. मी होते. म्हणूनच थांबले होते. त्या मोसमात बाईंनी किती झेल घेतले आणि किती सोडले याचा हिशेब मी ठेवला नाही. किती चेंडू त्यांच्यापर्यंत पोचले, तेवढंच मी बघत होते.

मोसमाच्या शेवटी लीगनं सगळ्या संघांना विचारलं की आउटफिल्डमधली रेघ ठेवायची की काढून टाकायची. आमच्या संघातल्या तरुण मुलींना ती नको होती. कॉलेजात खेळून आलेल्या होत्या, त्यांचा चेंडू कुंपणाला लागत होता आणि त्यांचं म्हणणं जूनमधल्या माझ्या म्हणण्यासारखंच होतं. त्यांचं चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही. बाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘‘तुम्हाला नको असेल तर तुम्ही तिच्या पलीकडे मारा. मला ती हवी आहे. आणि माझ्यानंतर जी नवी येईल तिलाही लागेल.’’

त्या वाक्यात मला नियमाचं खरं माप सापडलं. कुठल्याही अशा रेघेची परीक्षा संघातल्या सगळ्यांत तरबेज बाईवरून घ्यायची नसते. ती घ्यायची जी नुकतीच आत आली आहे, जिच्या हातात पहिल्यांदा स्लगर आहे, तिच्यावरून. रिग्लींच्या लीगमधल्या बायांनी बेस मागे ढकलले तसे या तरुण मुली एक दिवस रेघ मागे ढकलतील, आणि ढकलावीच. पण ती उचलण्याआधी, तिच्याअलीकडच्या पट्टीत अजून कुणाचा चेंडू पडतो आहे का, ते बघायला हवं. रेघ राहिली.

पण रेघेला जे करता येत नाही तेही मला त्याच उन्हाळ्यात कळलं. रेघ माणसांना मागे थोपवू शकते, त्यांच्या मनातला अंदाज नाही. ती बाईला इनफिल्डमध्ये उभं करू शकते, चेंडू तिच्याकडे जाऊ देणं मात्र शेजारी उभ्या असलेल्याच्या पायांवर अवलंबून असतं. ते कलम कुठल्याही पुस्तकात नाही आणि ते राबवायला पंच नसतो.

फक्की टिकत नाही. पहिल्या खेळीत ती पांढरीशुभ्र असते. तिसऱ्या-चौथ्या खेळीपर्यंत बुटांखाली फिस्कटते, दवानं ओली होते, आणि सातव्या खेळीत दिवे लागतात तेव्हा गवतावर तिचा नुसता भास उरतो. शेवटच्या सामन्यात बाई बॅटिंगला गेल्या, तेव्हा रेघ जवळजवळ दिसेनाशी झाली होती. मी बाकावरून आउटफिल्डकडे बघत होते. चौघे पुढे आले आणि रेघ असायला हवी होती त्या जागी आपोआप थांबले. पंचांना हात वर करावा लागला नाही.

मग आमची क्षेत्ररक्षणाची पाळी आली. मी शॉर्टस्टॉपच्या जागी जाऊन उभी राहिले, डावीकडे सेकंड बेसवर बाई. इनफिल्डमध्ये गवत नसतं, तांबूस माती असते. मी बुटाच्या टोकानं आमच्या दोघींच्या मधोमध मातीत एक रेघ ओढली. ती माझ्याशिवाय कुणाला दिसणार नव्हती, आणि पुढच्या धावपळीत पुसलीही जाणार होती. आजही खेळायला उतरले की प्रत्येक खेळीच्या सुरुवातीला मी ती नव्यानं ओढते.